ओव्हरड्राइव्हचा गोडवा जुन्या चिपमध्ये असतो का?

‘जुनी ४५५८ चिप (सिग्नल वाढवणारी, म्हणजे ऑप-अँप) नसेल तर ओव्हरड्राइव्ह पेडलला, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणाऱ्या पेडलला, खरा आवाज येतच नाही’ हा समज म्हापसा-मडगावच्या गिटारवाल्यांतही वर्षानुवर्षं फिरतोय. घरी पेडल जोडणारी मुलं त्यापायी जुन्या चिपला अवाच्या सवा पैसे मोजतात, म्हणून हा खुलासा.

समजाला आधार आहे. १९७० च्या दशकाअखेर आलेल्या गाजलेल्या हिरव्या पेडलमध्ये (आयबानेझ ट्यूब स्क्रीमर) तीच चिप होती. पण तिथे आवाज फाटतो तो मुख्यतः डायोडमुळे (ठरावीक व्होल्टेजनंतर वीज वाहू देणारा छोटा सुटा भाग). चिप सिग्नल साधारण १२ ते ११८ पट वाढवू पाहते. फीडबॅकमधले (चिपच्या आउटपुटकडून इनपुटकडे परतणाऱ्या वाटेवरचे) सिलिकॉन डायोड ०.६ व्होल्टच्या आसपास तिला आवर घालतात. आणि या पेडलची ओळख असलेला मधल्या स्वरांचा उठाव? ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ७२० हर्ट्झच्या खाली गेन (सिग्नलची वाढ) उतरवत नेतात, म्हणून खर्ज कमी फाटतो.

स्वतः पडताळा. बोर्डवर आठ पायांचं सॉकेट लावा. ४५५८, टीएल०७२, एनई५५३२ या तिन्ही चिप त्यात बसतात. आवाजाची पातळी मात्र सारखी ठेवा, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी सरस वाटतो. चिप मित्राला बदलू द्या, तुम्ही पाठ फिरवून ऐका. फरक जाणवला तरी बारीक असेल. मग डायोड काढून लाल एलईडी लावा, किंवा कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचा करा. हा बदल शेजारच्या खोलीतही ओळखू येतो.

आपल्याकडच्या पावसात सॉकेटचे पाय गंजतात. चिप काढून पुन्हा दाबली की संपर्क सुधारून खरखर जाते. श्रेय नव्या चिपला देण्याआधी जुनीच एकदा काढून बसवून पाहा.