मुलांचा मताधिकार (नागपूर)

अठरा वर्षांखालील व्यक्तींना सार्वजनिक निवडणुकीत मत देऊ द्यावे का, हा प्रश्न. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२६ प्रमाणे लोकसभा व विधानसभेसाठी मतदाराचे किमान वय १८ आहे. मूळ घटनेत ते २१ होते. ६१ व्या घटनादुरुस्तीमुळे २८ मार्च १९८९ पासून ते खाली आले. निवडणूक लढवण्याचे वय मात्र वेगळे आहे : महापालिकेसाठी २१, विधानसभा व लोकसभेसाठी २५.

कागदावरचे १८ प्रत्यक्षात बहुधा १८ नसते. वय मोजले जाते ते मतदानाच्या दिवशी नव्हे, अर्हता दिनांकाला, म्हणजे यादीसाठी वय धरण्याच्या ठरलेल्या तारखेला. २०२२ पर्यंत वर्षात १ जानेवारी ही एकच तारीख होती. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार आहेत. नागपूर व रामटेक लोकसभा मतदारसंघांत १९ एप्रिल २०२४ रोजी मतदान झाले. ५ एप्रिलला अठरा पूर्ण केलेल्याला त्यात भाग घेता आला नाही. त्याची पाळी २० नोव्हेंबरच्या विधानसभेला आली. महापालिकेचा हिशेब याहून कडू आहे. फेब्रुवारी २०१७ नंतर नागपूर महापालिकेची निवडणूक थेट १५ जानेवारी २०२६ रोजी झाली, तीही १ जुलै २०२५ च्या यादीवर. मार्च १९९९ मध्ये जन्मलेल्या नागपूरकराने नगरसेवकासाठी पहिले मत दिले तेव्हा त्याचे सव्वीसावे वर्ष उलटून गेले होते. वय सोळावर आणण्याच्या चर्चेत ही गळती सहसा कोणी मोजत नाही.

ऑस्ट्रियाने २००७ मध्ये राष्ट्रीय निवडणुकीसाठी सोळा वर्षे ही मर्यादा स्वीकारली. ब्राझीलमध्ये १९८८ पासून सोळा-सतरा वर्षांच्यांना मतदान ऐच्छिक आहे. स्कॉटलंडने २०१४ च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात सोळा वर्षांच्यांना मताधिकार दिला. नागपुरात ही मर्यादा आली तर दहावी देऊन अकरावीत बसलेली मुले यादीत येतील.

‘पोट्ट्यांना काय समजते’ हा नेहमीचा आक्षेप फारसा टिकत नाही, कारण समजेची परीक्षा मोठ्यांचीही घेतली जात नाही. शिवाय कायद्याने सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीचा परवाना मिळतो, आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढ म्हणून खटला चालू शकतो. खरा अडसर दबावाचा आहे. फी, जेवण आणि मोबाइलचा रिचार्ज ज्याच्या हातात, त्याला नाही म्हणणे सोळाव्या वर्षी अवघड. मुलांच्या वतीने आईवडिलांनी जास्तीचे मत द्यावे हा पर्यायही सुचवला जातो. त्यात मूल मतदार होतच नाही, पालकाचे वजन तेवढे वाढते. सध्याच्या नियमांत मतदाराच्या कडेवरचे मूल केंद्रात जाऊ शकते, पण दृष्टिहीन मतदाराचा सोबती अठरा पूर्ण केलेलाच लागतो.

मुलांना मत द्यायला मिळते ते शालेय मंत्रिमंडळाच्या निवडणुकीत. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून ही निवडणूक जुलैत किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला उरकणे सोयीचे. क्रम खऱ्यासारखाच : अर्ज, छाननी, माघार, चिन्हवाटप, दोन दिवस प्रचार, मतदान, मोजणी. हजेरीपट हीच मतदार यादी. यंत्र म्हणून दोन मोबाइल जोडणारे अॅप वापरतात. एक फोन खोक्याच्या आडोशाला, दुसरा शिक्षकांच्या टेबलावर. नाव शोधणे, सही, बोटाला मार्करची खूण आणि बटण मिळून अर्धा मिनिट धरले तर ३०० मुलांना एका केंद्रावर अडीच तास लागतात. त्यामुळे दोन केंद्रे करून वर्गवार सोडणे बरे, नाहीतर मधली सुट्टी मध्येच येते आणि निम्मी रांग डबा खायला पांगते.

चुका ठरलेल्या आहेत. सुरुवातीला घेतलेली चाचणीची मते पुसायची राहतात आणि शेवटी सह्यांपेक्षा मते जास्त निघतात. पहिल्या मतदाराआधी एकूण आकडा शून्य दिसतो का, हे सर्व उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवले की वाद मिटतो. आडोसा तीन बाजूंनी असतो, पण खिडकीकडे उघडा. बटण दाबताना बाई मागे उभ्या असतील तर ते मत बाईंचे. चॉकलेट वाटप तर पहिल्याच दिवशी सुरू होते. आणखी एक गोष्ट शिक्षकांच्या लक्षात उशिरा येते : ६० पटाच्या तुकडीचा उमेदवार ४० च्या तुकडीला सहज हरवतो, मग पुढच्या वर्षी लहान तुकडीतून कोणी अर्जच भरत नाही. उपाय म्हणजे प्रत्येक तुकडीतून एक प्रतिनिधी निवडायचा आणि मुख्यमंत्री त्या प्रतिनिधींनी. छाननीत ‘हुशार’ मुलांचेच अर्ज ठेवण्याची खोड मात्र कोणत्याही पद्धतीने जात नाही. निवडून आलेल्यांकडे प्रार्थनेची रांग लावण्यापलीकडे काम नसेल तर दुसऱ्या वर्षी उत्साह ओसरतो. सहलीचे ठिकाण किंवा वाचनालयाची वेळ असा एखादा खरा निर्णय त्यांच्याकडे लागतो.

खऱ्या मतदार यादीसाठी सतरा पूर्ण झाल्यावर नमुना ६ (नावनोंदणीचा अर्ज) आगाऊ भरता येतो, म्हणजे बहुतेकांना बारावीत असतानाच. वयासाठी जन्मदाखला, आधार किंवा जन्मतारीख असलेले दहावीचे प्रमाणपत्र चालते. पत्त्यासाठी वीजबिल, बँक पासबुक किंवा नोंदणीकृत भाडेकरार. शाळेच्या दाखल्यावरची व आधारवरची जन्मतारीख वेगळी असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्यावी. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरहून येऊन वसतिगृहात राहणाऱ्याने गावाकडचा पत्ता द्यावा किंवा नागपूरचा. दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही, आणि अर्जात जाणूनबुजून खोटे लिहिल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) पत्त्यावर आला तेव्हा खोलीला कुलूप असले की अर्ज रेंगाळतो, म्हणून वसतिगृहाच्या अधीक्षकांना आधीच सांगून ठेवावे.