प्लेटलेट चिकटते कधी, आणि का नाही?

1918 साली स्वित्झर्लंडमधले बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लान्झमान यांनी रक्तस्रावाचा एक चमत्कारिक आजार नोंदवला. रुग्णांच्या रक्तात प्लेटलेट्स पुरेशा होत्या, तरी रक्त थांबता थांबत नव्हतं. उणीव नेमकी कुठे, हे 1974 साली पॅरिसमधल्या संशोधकांना दिसलं: प्लेटलेटच्या पेशीपटलावर एरवी असणारी काही ग्लायकोप्रोटीन्स, म्हणजे साखरेच्या साखळ्या जोडलेली प्रथिनं, या रुग्णांमध्ये जवळजवळ नव्हतीच.

ही प्रथिनं नुसता डिंक असती, तर आपण जगलोच नसतो. प्लेटलेट रक्तातून सात ते दहा दिवस फिरते आणि या काळात तिने कशालाही चिकटायचं नसतं. धमनीचं अस्तर फाटलं की उघड्या पडलेल्या कोलॅजेन या तंतुमय प्रथिनावर व्हॉन विलेब्रांड घटक नावाचं लांबलचक प्रथिन अडकतं. रक्ताच्या वेगवान प्रवाहाने ते ताणलं जातं आणि त्याची लपलेली जागा मोकळी होते. तिथे प्लेटलेटचं ग्लायकोप्रोटीन-1बी बिलगतं. ही पकड क्षणिक असते, सुटते, पुन्हा लागते. पण तेवढ्याने धावती प्लेटलेट मंदावते आणि जखमेवर घरंगळू लागते.

मग दुसरं ग्लायकोप्रोटीन कोलॅजेनला स्पर्श करतं आणि पेशीच्या आत संदेश जातो. मला सर्वांत थक्क करणारा टप्पा यापुढचा आहे. ग्लान्झमानच्या रुग्णांमध्ये नसलेलं ग्लायकोप्रोटीन-2बी/3ए एका प्लेटलेटवर सुमारे 80 हजारांच्या संख्येनं असतं, पण एरवी वाकून, मिटून बसलेलं. आतून हुकूम आला की ते ताठ उभं राहतं आणि रक्तातलं फायब्रिनोजेन हे प्रथिन पकडतं. फायब्रिनोजेनचं दुसरं टोक शेजारची प्लेटलेट धरते, आणि बांध तयार होतो.

हृदयाच्या धमनीत हाच बांध झटका आणतो. तो रोखण्याची युक्ती एका सापाकडे आधीच होती. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ज्याची धास्ती असते त्या फुरशाच्या विषात एकिस्टॅटिन नावाचं 49 अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन आहे. त्यातली आर्जिनिन, ग्लायसिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल ही तिकडी 2बी/3ए वर नेमकी बसते आणि फायब्रिनोजेनची वाट अडवते. तिच्या घडणीवरून बेतलेलं टायरोफिबॅन हे औषध गुठळीचा धोका जास्त असलेल्या हृदयरुग्णांना शिरेतून देतात. ते थांबवल्यावर काही तासांतच प्लेटलेट्स पुन्हा एकमेकींना धरू लागतात.