अर्धी कापलेली केबल

परभणी जिल्ह्यात आमच्या चुलत्यांची विहीर आहे. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ते मोटार चालू करायला गेले, तर केबल कापलेली. तीही अर्धवट. तीनपैकी दोन तारा तुटलेल्या, तिसरीवर पक्कडीचे दात उमटलेले, आणि पक्कड तिथंच गवतात पडलेली. विहिरीवरची केबल तांब्यासाठी चोरीला जाणं आमच्याकडं नवं नाही. चोर अर्ध्यातून निघून गेला, हे नवं होतं. चुलती म्हणाली, "देव पावला." चुलते म्हणाले, "साप दिसला असंल त्याला." मला मात्र ती तिसरी तार डोळ्यांपुढून हलेना. चार-दोन सेकंदांचं काम उरलं होतं. तेवढं का नाही केलं?

चोरानं एकदा ठरवलं की तो चोरी करूनच जातो, अशी आपली समजूत असते. डेरेक कॉर्निश आणि रोनाल्ड क्लार्क या अभ्यासकांनी १९८६ मध्ये वेगळी मांडणी केली. गुन्ह्याचा निर्णय एकदाच होत नाही, तो पावलागणिक नव्यानं होतो. हाती काय लागेल, कष्ट किती, सापडू का, हा हिशेब मनात सारखा चालू असतो. हिशेब कच्चा असतो, घाईचा असतो, पण असतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात रिचर्ड राइट आणि स्कॉट डेकर यांनी तुरुंगातल्या नव्हे, तर बाहेर राहून अजूनही घरफोड्या करणाऱ्या १०५ जणांना बोलतं केलं. त्यांच्या बोलण्यात एक धास्ती पुन्हा पुन्हा आली, ती म्हणजे आत कुणी असेल का?

पण हात प्रत्यक्षात थांबतो कसा? त्यासाठी प्रयोगशाळेत एक साधा खेळ वापरतात. पडद्यावर बाण दिसला की बटण दाबायचं, पण मध्येच 'थांब' अशी खूण आली तर हात आवरायचा. निरोगी तरुण माणसाला आवरायला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. बोट दाबायला तेवढाही वेळ उरला नसताना खूण आली, तर बटण दाबलंच जातं. या ब्रेकमध्ये उजव्या कपाळामागचा मेंदूचा भाग आणि मेंदूच्या खोलातला पेशींचा एक छोटा पुंजका, सबथॅलॅमिक केंद्रक, यांचा मोठा वाटा आहे. विशेष म्हणजे हा ब्रेक अनपेक्षित आवाजानंही लागतो. पाठीमागं ताट पडलं की चालता माणूस जागीच थबकतो, तसा. दारूनं हा ब्रेक ढिला पडतो.

बटण आणि केबल यांत फार अंतर आहे, हे मला कळतं. ब्रेकनं मिळते ती फक्त क्षणभराची उसंत. पळायचं की काम उरकायचं, हे त्या उसंतीत पुन्हा हिशेब करून ठरतं. आणि त्या हिशेबात कलमं नि शिक्षेची वर्षं क्वचितच येतात. शिक्षा किती कडक यापेक्षा सापडण्याची खात्री किती, हे महत्त्वाचं, असं इटलीच्या बेकारिया या विचारवंतानं १७६४ मध्येच लिहिलं होतं, आणि आजचं संशोधन बऱ्याच अंशी त्याच्याच बाजूनं आहे.

कायद्यालाही या माघारीचा विचार करावा लागतो. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं साळीच्या ट्रकचा खटला आला होता. परवान्याशिवाय साळ पंजाबाबाहेर न्यायला बंदी होती, आणि ट्रक अडवला गेला तो हद्दीच्या १४ मैल अलीकडं, समालखा नाक्यावर. उरलेल्या वाटेत या माणसांचं मन बदलूही शकलं असतं, म्हणून ही नुसती तयारी, प्रयत्न नव्हे, असं म्हणून न्यायालयानं त्यांना सोडलं. आमचा चोर मात्र दोन तारा तोडून बसला होता. इतकं झाल्यावर माघार घेतली तरी आपल्याकडं प्रयत्नाचा गुन्हा उरतोच. जर्मनीत दंडसंहितेचं कलम २४ स्वतःहून माघार घेणाऱ्याला प्रयत्नाच्या शिक्षेतून मोकळं करतं. मला ते शहाणपणाचं वाटतं. परतीची वाटच बंद असेल तर माणूस परतेल कशाला?

लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी १९७९ मध्ये म्हटलं होतं की गुन्ह्याला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: करणारा, ऐवज, आणि राखण करणाऱ्याची गैरहजेरी. राखण करणारा पोलीसच हवा असं नाही. आपल्याकडं जागल हा शब्द आहेच. ऊसतोडीला माणसं गेली की बीडकडच्या तांड्यांवर कुलपं दिसतात, तेव्हा या तिसऱ्या गोष्टीचा अर्थ नीट कळतो.

संध्याकाळी शेतातल्या आखाड्यावर धुऱ्याशेजारचे मामा आले. केबल बघून हळहळले. चुलत्यांनी विचारलं, "रात्री काही चाहूल लागली का?"

"नाही बा. बाराला लाइट आली, तवा गव्हाला पाणी द्यायला आल्तो. हातात बॅटरी, मोबाइलवर अभंग लावलेले. मला तर कुणीच दिसलं नाही."