मोरवेलीची विलायती भावंडं बेळगावच्या कुंडीत

बेळगावला ‘गरिबांचं महाबळेश्वर’ म्हणायची जुनी रीत आहे. त्या भरवशावर टिळकवाडी-हिंदवाडीतला एखादा हौशी माणूस बशीएवढ्या जांभळ्या फुलांचं चित्र पाहून क्लेमॅटिसचं रोप मागवतो. मे महिन्यात रोप वाळतं आणि घरात निकाल लागतो, की आपल्याकडचं ऊन त्याला सोसत नाही. हा निकाल अर्धाच खरा आहे. क्लेमॅटिसला इथं डोक्यावरच्या उन्हापेक्षा दोन वेगळ्या गोष्टी नडतात. एक, तापलेली मुळं. दुसरी, न पडणारी कडक थंडी. पहिल्या अडचणीवर उपाय कुंडीत सापडतो, दुसरीवर जातीच्या निवडीत.

आधी कूळ. क्लेमॅटिस बचनाग आणि कलौंजीच्या कुळातली वेल. जगभरात तिच्या सुमारे तीनशे जाती आहेत आणि त्यातल्या काही आपल्या अगदी दारात. खानापूर ओलांडून जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्याला लागलं, की पावसाळा सरताना आणि पुढं थंडीत झुडपांच्या माथ्यावर पांढऱ्या, मळकट पांढऱ्या फुलांचे झुबके दिसतात. ती मोरवेल, म्हणजे क्लेमॅटिसच. थांबून नीट पाहिलं तर वेल माथ्यावर उन्हात असते, पण तिचा बुंधा सापडत नाही. तो करवंदी-घाणेरीच्या जाळीत, पालापाचोळ्याखाली गारव्याला असतो. मुळं सावलीत आणि माथा उजेडात, ही या साऱ्या खानदानाची सवय. रान ती आयती पुरवतं. गच्चीवर ती आपल्याला घडवावी लागते.

गच्चीवरची काळी प्लास्टिकची कुंडी म्हणजे या सवयीच्या नेमकं उलट. एप्रिलमध्ये बेळगावची हवा ३५-३६ अंशांपर्यंत जाते, पण उन्हात तापलेल्या स्लॅबवर ठेवलेल्या कुंडीतली माती सहज चाळिशी ओलांडते. इतक्या तापमानाला बारीक पांढरी मुळं मरतात. मग माती ओली असूनही पानं कोमेजतात, आपण घाबरून आणखी पाणी घालतो आणि उरलेली मुळं कुजतात.

यावर मला सर्वांत भरवशाचा इलाज वाटतो तो खानापूरच्या कुंभाराकडचा. तिथली माती आणि भट्ट्या या भागात पूर्वीपासून प्रसिद्ध आहेत. बिनचकाकीची भाजकी कुंडी माठासारखीच पाझरते. भिंतीतून बाहेर आलेलं पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं आणि ती उष्णता थोडीथोडकी नसते. ३० अंशांच्या आसपास एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल लागतात. साधारण ११५ लिटर पाणी ५ अंशांनी गार करायला एवढीच उष्णता काढावी लागेल. यातली बरीच उष्णता बाहेरच्या वाऱ्यातूनच येते हे खरं, तरी कुंडीची भिंत हवेपेक्षा गार राहते आणि मुळं त्या भिंतीलाच तर चिकटलेली असतात. हवा कोरडी तेवढा परिणाम जास्त. म्हणजे अथणी-गोकाकच्या रखरखीत बाजूला ही कुंडी खानापूरपेक्षा जास्त कामाला येते. पावसाळ्यात दमट हवेत हे पाझरणं जवळजवळ थांबतं, पण तेव्हा गारव्याची गरजही नसते.

कुंडी निदान ४५ सेंटिमीटर खोल हवी. बाजारातल्या कुंड्या बहुधा उथळ असतात, तेव्हा सांगून करून घ्यावी. तळाच्या भोकाबद्दल कुंभाराला बजावायला गेलं तर उत्तर तयार असतं, “पाणी जायला भोक पाडून देतो की हो, त्यात काय!” पण ते एकच आणि करंगळीएवढं असतं. तीन-चार मागावीत. उन्हाळ्यात फार तापणाऱ्या गच्चीवर ही कुंडी आणखी मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत वाळू भरावी आणि वाळू ओली ठेवावी. वरून बोट-दोन बोटं जाडीचं उसाचं पाचट. चिक्कोडी-हुक्केरीकडं शेतात ते पेटवून देतात, त्यातलं एक पोतं कुणाकडूनही फुकट मिळतं.

मातीबद्दल फार लिहीत नाही. खानापूर बाजूची लाल माती दोन वाटे, कुजलेलं शेणखत एक वाटा, भाताचं तूस किंवा जाड वाळू एक वाटा. पूर्वेकडची काळी माती एकटी वापरू नये, पावसात ती कुंडीत चिखल धरून बसते.

आता थंडी. युरोप आणि हिमालयातल्या अनेक क्लेमॅटिस गेल्या वर्षीच्या जुन्या फांदीवर फुलतात. त्यांचे डोळे, म्हणजे फांदीच्या सांध्यावरचे मिटलेले कोंब, शरद ऋतूत झोपी जातात आणि काही आठवडे शून्य ते सात अंशांच्या आसपासचा गारठा मिळाल्याशिवाय नीट जागे होत नाहीत. डोळ्यात वाढ रोखणारी द्रव्यं असतात, ती ओसरायला गारठा लागतो. बेळगावात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा साधारण १३-१४ अंशांपर्यंत उतरतो. आपल्याला शाल लागते, पण त्या डोळ्यांच्या हिशेबी ही थंडीच नव्हे. म्हणून हिमालयातली मोंटाना कितीही मोहक असली तरी तिच्या नादी लागू नये.

दुसरा गट मात्र त्याच वर्षी फुटलेल्या नव्या फांदीवर फुलतो. त्याला झोपलेल्या डोळ्याची वाट पाहावी लागत नाही. छाटलं, फूट आली, फुललं. इंग्लंडमधल्या वोकिंगच्या जॅकमन रोपवाटिकेत १८५८ मध्ये केलेल्या संकरातून १८६२ मध्ये फुललेली गडद जांभळी ‘जॅकमनी’ याच गटातली. तिच्यामुळं क्लेमॅटिस घराघरांत पोचली. पण ती तीन मीटर चढते आणि खालचे पाय उघडे टाकून वरच फुलते. छोट्या बाल्कनीत मग फुलं वरच्या मजल्यावरच्यांना आणि काड्या आपल्याला.

ठेंगण्या जातींची गंमत इथं कळते. ऊस लावणाऱ्याला पेर आणि डोळा समजावून सांगायला नको. क्लेमॅटिसची पानं समोरासमोर जोडीनं येतात, म्हणजे प्रत्येक सांध्यावर दोन डोळे. उंच जातीत पेरं लांब आणि फुलं शेंड्याकडच्या डोळ्यांवर. गर्न्सी बेटावरचे क्लेमॅटिसतज्ज्ञ रेमंड एव्हिसन यांनी डेन्मार्कच्या पौलसेन कंपनीबरोबर निवडत निवडत अशी रोपं काढली, ज्यांची पेरं आखूड आहेत आणि जी बुडापासून शेंड्यापर्यंत सांध्यासांध्याला कळ्या धरतात. ‘पिकार्डी’, ‘पॅरिसिएन’ अशी त्यांची नावं. उंची जेमतेम मीटरभर आणि कडक छाटणी चालते. याशिवाय ‘आरबेला’ ही निळसर फुलांची जात पाहावी. ती दीड-दोन मीटरपर्यंत जाते, पण धड वेल नाही, आधाराला चिकटत नाही, शेजारच्या गुलाबावर नुसती रेलते. बेळगावसाठी निवड करायची तर मी फुलाच्या आकाराला भुलणार नाही, नव्या फांदीवर फुलणारी जातच घेईन.

वेळापत्रकही विलायती पुस्तकातलं नको. तिकडं फेब्रुवारीत छाटतात, कारण पुढं वसंत असतो. आपल्यापुढं तेव्हा उन्हाळा असतो. इथं पाऊस ओसरताना, सप्टेंबरअखेर ते दसऱ्याच्या सुमारास, जमिनीपासून वीतभर ठेवून, टपोऱ्या डोळ्यांच्या जोडीच्या जरा वर छाटावं. नवी फूट ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या कोरड्या, मोकळ्या उजेडात वाढते. आपल्याकडं डिसेंबरमधला दिवसही अकरा तासांहून मोठा असतो. छाटणीनंतर दोन-अडीच महिन्यांत फुलं अपेक्षित धरायची. मार्चपासून सकाळचंच ऊन मिळेल अशा पूर्वेच्या बाजूला कुंडी सरकवावी आणि उन्हाळाभर फुलांची आशा न धरता वेल जगवावी.

ज्याला आपण फुलाच्या पाकळ्या म्हणतो त्या क्लेमॅटिसमध्ये पाकळ्या नसतातच. रंगीत झालेली ती निदलं असतात, जास्वंदीत हिरवा पेला करून बसतात ती. जाडसर असल्यामुळं फूल बरेच दिवस टिकतं.

ही वेल चढते कशी, यावर चार्ल्स डार्विन यांनी १८६५ मध्ये सविस्तर लिहून ठेवलं आहे. क्लेमॅटिसला तणावे नसतात, पानाचा देठच आधाराला विळखा घालतो. देठावर हलक्या दोऱ्याचा फास अडकवला तरी तो वाकतो, हे डार्विन यांनी करून पाहिलं. स्पर्श झालेल्या बाजूची वाढ मागं पडते, उलट बाजूची पुढं जाते आणि देठ वळतो. एकदा पकड बसली की तो जाड आणि कडक होतो. यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. आखूड देठ जाड आधाराला वेढा घालू शकत नाही. लोखंडी पाइप किंवा वासा उभा केला तर वेल त्याच्याशेजारी गळून पडते. बुरुडाकडच्या बांबूच्या बारीक कामट्या किंवा तुरीच्या काटक्या उत्तम.

पावसाळ्यात एक रोग लक्षात ठेवावा. कालपर्यंत टवटवीत असलेली फांदी अचानक मान टाकते, देठ काळे पडतात. कॅलोफोमा क्लेमॅटिडिना या बुरशीचं हे काम, मोठ्या फुलांच्या संकरांवर विशेष. फांदी निरोगी भागापर्यंत कापून जाळून टाकावी. रोप लावतानाच बुंधा पाच-सात सेंटिमीटर मातीखाली ठेवला असेल तर पुरलेल्या डोळ्यांतून नवी फूट येते. एरवी बुंधा उघडा ठेवावा असं आपण शिकलेलो असतो, इथं तो नियम मोडायचा. कुंडी विटांवर उचलून ठेवावी, म्हणजे मृगापासून गणपतीपर्यंतचं पाणी खाली साचणार नाही.

कापताना हातमोजे घालावेत. पानं-फांद्या चिरडल्या की प्रोटोअ‍ॅनिमोनिन हे झोंबणारं द्रव्य तयार होतं. कातडीवर त्यानं फोड येतात. युरोपात भिकारी या वेलीचा रस चोळून मुद्दाम व्रण उठवत आणि भीक मागत असं सांगतात. शेळ्या-गुरांच्या तोंडापासूनही ती दूर ठेवावी.

रोप महाग वाटत असेल तर एकापासून अनेक करता येतात. बहुतेक झाडांची कलमं सांध्याखाली कापतात, क्लेमॅटिसची दोन सांध्यांच्या मधोमध. वर पानांची एक जोडी, त्यातलं एक पान काढलेलं, खाली दोन इंच पेर, ओल्या वाळूत. मुळ्या पेरातूनच फुटतात, त्यामुळं एका लांब फांदीची बरीच कलमं होतात. आणि ज्यांच्याकडं कुंडीऐवजी कुंपण आहे, त्यांनी विलायतीच्या आधी मोरवेल लावून पाहावी. तिला ना थंडीची वाट पाहावी लागते ना गार कुंडीची, फक्त जागा भरपूर लागते. भीमगडच्या अभयारण्यातून काही उचलू नये. आपल्या किंवा ओळखीच्या शेताच्या बांधावर पिसासारखी शेपटी असलेलं बी तयार झालं, की मूठभर आणून ताजंच पेरावं.