कानाची ओघळलेली पाळी : स्वरूप व उपचार

कानाच्या वरच्या भागाला कूर्चेचा (मऊ, लवचिक हाडासारख्या ऊतीचा) आधार असतो. पाळीत मात्र कूर्चा नसते. त्वचा, तंतुमय ऊती आणि थोडी चरबी एवढ्यावरच ती उभी असते. वयोमानाने त्वचेतील कोलॅजन व इलॅस्टिन ही त्वचा घट्ट व लवचिक ठेवणारी प्रथिने घटतात, चरबी झिजते आणि पाळी लोंबू लागते. वर्षानुवर्षे घातलेली जड कानातली हे काम लवकर करतात. एकदा ताणलेली पाळी आपोआप आखडत नाही. तेलमालिश आणि मलमांनी त्वचा मऊ राहील, पाळी वर चढणार नाही.

उपचार ठरवण्याआधी नेमके काय ओघळले आहे, हे पाहावे लागते. भोक लांबट होऊन चिरेसारखे दिसते, ही एक अवस्था. ती वाढत गेली की पाळी कडेपर्यंत फाटून तिचे दोन भाग होतात. पाळी शाबूत पण पातळ व सुरकुतलेली, त्यामुळे कानातले पुढे झुकते, ही दुसरी. तिसरीत पाळीचीच लांबी वाढलेली असते. पाळी गालाला जिथे चिकटते, त्या बिंदूच्या खाली ती साधारण 1 ते 5 मिमी लोंबत असेल तर ते प्रमाणबद्ध मानले जाते. पुष्कळांत या अवस्था एकत्र आढळतात. लांबलेल्या पाळीत फिलर (टोचून भरायची जेल) भरून घेणे ही नेहमीची फसगत आहे. पाळी गुबगुबीत होते, पण लांबी तशीच राहते आणि कान उलट अधिक जड दिसतो.

पातळ पडलेल्या पाळीला फिलर योग्य. हायल्युरोनिक आम्लाची जेल बारीक सुईने टोचतात. एका पाळीला सहसा अर्धा मिलिलिटरही लागत नाही. भोकाभोवती भरीवपणा येतो आणि कानातले सरळ बसते. परिणाम काही महिने ते वर्षभर टिकतो, मग पुन्हा भरावे लागते. नको वाटल्यास हायल्युरोनिडेज हे विकर (एन्झाइम) टोचून ही जेल विरघळवता येते. स्वतःच्या शरीरातील चरबी काढून भरण्याचाही पर्याय आहे. तिचा काही भाग शरीर शोषून घेते, त्यामुळे भरीवपणा किती उरेल हे आधी नेमके सांगता येत नाही.

फाटलेल्या किंवा लांबलेल्या पाळीला शस्त्रक्रियेशिवाय टिकाऊ इलाज नाही. फक्त पाळी बधिर करून ती साधारण अर्ध्या ते एका तासात होते. फाटलेल्या कडांवर त्वचा आलेली असते. ती खरवडून ताजी जखम केल्याशिवाय कडा जुळत नाहीत. मग पुढून आणि मागून बारीक टाके घालतात. सरळ रेषेत शिवले तर व्रण आकसून पाळीच्या खालच्या कडेला खाच पडू शकते, म्हणून अनेक शल्यविशारद तिथे छेद नागमोडी घेतात. लांबी कमी करायची असल्यास पाळीचा पाचरीसारखा तुकडा काढतात किंवा खालची कड कापून नवा गोलवा देतात. टाके आठवड्याभराच्या आसपास निघतात. पुन्हा टोचायचे तर निदान दीड-दोन महिने थांबावे आणि जुन्या व्रणावर टोचू नये. तिथली त्वचा कमकुवत असल्याने भोक परत ओघळते.

पाळी जोडण्याची ही विद्या जुनी आहे. सुश्रुतसंहितेत कर्णसंधीचे, म्हणजे कानाची पाळी जोडण्याचे, 15 प्रकार दिले आहेत. पाळी उरलीच नसेल तर गालाचे मांस पूर्ण न तोडता, जिवंत ठेवून, त्यातून पाळी घडवावी असेही त्यात सांगितले आहे. आजच्या झडप-रोपणाचे (फ्लॅप शस्त्रक्रियेचे) तत्त्व तेच.

शस्त्रक्रिया नको असेल तर कानातल्यामागे रुंद चकती लावणे किंवा पाळीच्या मागे पारदर्शक चिकटपट्टी लावणे एवढे करता येते. दागिना सरळ दिसतो, भोकावरचा ताण थोडा कमी होतो. ही सोय आहे, उपचार नव्हे.

सर्वांत त्रासदायक गुंतागुंत म्हणजे केलॉइड, म्हणजे जखमेच्या सीमेबाहेर वाढत जाणारी व्रणाची गाठ. सावळ्या व काळ्या त्वचेत तिचे प्रमाण अधिक असते. कान टोचल्यावर, छातीवर वा खांद्यावर अशी गाठ पूर्वी आली असेल, तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावे. स्टेरॉइडची इंजेक्शने आणि पाळीवर दाब देणारी चाप-कानातली यांनी ती आटोक्यात ठेवता येते. नुसती कापून टाकली तर बहुधा पुन्हा उगवते, अनेकदा पहिल्यापेक्षा मोठी.