व्हीआर तोल व्यायाम (लठ्ठपणासाठी)

व्हीआर (व्हर्च्युअल रिअॅलिटी, म्हणजे पडद्यावरची आभासी दुनिया) तोल व्यायाम म्हणजे डोळ्यावर पडदेवाला चष्मा, म्हणजे हेडसेट, चढवून नाहीतर समोरच्या टीव्हीवर गेम लावून, अंगाचा भार या पायावरून त्या पायावर टाकत, उभ्याउभ्या तोल सांभाळायचा सराव. जाड माणसाला हा देतात तो मुख्यतः पडू नये म्हणून, वजन उतरवायला नाही. हे आधीच सांगतो कारण आमच्याकडे कोणालाही सांगा, पहिला प्रश्न एकच, किती किलो उतरलं भाऊ?

पोट सुटलं की शरीराचा गुरुत्वमध्य पुढे सरकतो, मग तोंडावर पडू नये म्हणून घोट्याला आणि पोटरीला सारखी ओढ धरून ठेवावी लागते. डोक्यावर पाण्याचा गुंड घेतलेल्या बाईचा भार सरळ पायात उतरतो, ढेरीचं तसं नाही, ती पुढेच ओढते. त्यात तळव्यावर दाब जास्त म्हणून जमिनीची जाणीव बोथट होते, गुडघे दुखतात, आणि शुगर असली तर पायाच्या नसा बधिर होऊन राहतात. तोल सांभाळायला डोळे, आतला कान आणि पाय-सांध्यांकडून येणारी खबर असे तीन आधार असतात. तिसरा कमजोर झाला की माणूस सगळी भिस्त डोळ्यावर टाकतो, आणि मग रात्री लाइन गेली की अंगणातल्या अंगणात धडपडतो. पावसाळ्यात वावरात जाताना तर विचारूच नका, काळ्या मातीचा चिखल चपलेला किलोकिलोनं चिकटतो, धुरा (बांध) निसरडा, आणि पोटामुळं खाली स्वतःचा पाय कुठं पडतो तेच दिसत नाही.

जाडी हा शहरातला आजार असं म्हणायची सोय आता राहिली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के बायका आणि जवळपास २३ टक्के माणसं बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २५ किंवा त्याच्या वर निघाली (जगभर ३० च्या वर लठ्ठ म्हणतात, पण आपल्याकडचे डॉक्टर २५ पासूनच धरतात, कारण आपली चरबी पोटावर लवकर साचते). खेड्यातलं प्रमाण शहरापेक्षा कमी आहे, पण वावरातही आता गाडीनंच जाणं होते, मळणी मशीनवर.

या व्यायामाला खरी चालना दिली खेळण्यानं. निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीचं वी फिट हे व्यायामाचं गेम २००७ मध्ये जपानात आलं, त्यासोबत एक पाट असायचा, पाटाखाली चार सेन्सर. पाटावर उभं राहिलं की भार डावीकडे आहे का उजवीकडे, टाचेवर का चवड्यावर, ते पडद्यावर लगेच दिसायचं. माझ्या मते सगळी गंमत इथंच आहे, चाळीस वर्षं आपण कोणत्या अंगावर झुकून उभे राहतो हे माणसाला माहीतच नसते, ते पहिल्यांदा डोळ्यानं दिसते. पण पाटाची मर्यादा १५० किलो, जपानातल्या पाटाची १३६, म्हणजे ज्याला गरज सगळ्यात जास्त त्यालाच हा पाट नाही म्हणून सांगणार. २०१० चा मायक्रोसॉफ्टचा कायनेक्ट कॅमेऱ्यानं अंग ओळखायचा, त्याला पाट लागत नव्हता. आता हेडसेटचा जमाना. मोबाइल घालायचे स्वस्त पुठ्ठ्याचे डबे मिळतात, त्यांना फक्त डोकं कुठं वळलं ते कळते, पाऊल पुढे टाकलं ते कळत नाही, म्हणून तोलाच्या कामाला ते फारसे उपयोगाचे नाहीत.

फरक मोजायला साध्या चाचण्या असतात. खुर्चीवरून उठून ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं आणि घड्याळ पाहायचं. तोल तपासायच्या बर्ग चाचणीत १४ कामं, ५६ मार्क. लठ्ठ लोकांवरचे अभ्यास बहुतेक छोटे आणि थोड्या आठवड्यांचे, म्हाताऱ्यांवर आणि लकव्याच्या पेशंटवर जास्त काम झालं आहे. तोल सुधारतो असं दिसते, पण साध्या तोल व्यायामानंही सुधारतो, आणि गेमवाला दरवेळी पुढे जातोच असं नाही. गेमचा फायदा इतकाच की माणूस कंटाळून सोडत नाही. वजन उतरलं तर तोल आपोआपही बरा होते, तो वेगळा रस्ता.

वर्ध्याकडच्या सेवाग्राम, सावंगीला आणि नागपूरला फिजिओथेरपीची सोय आहे, गावच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) सहसा नसते, आणि गुडघे धरून एसटीनं आठवड्यातून तीनदा कोण जाईल. घरी कोणी करत असेल तर काही गोष्टी पाळायच्या. हेडसेटमध्ये डोळ्याला दुनिया हलताना दिसते आणि कान म्हणतो तू उभाच आहेस, त्यामुळं मळमळते, चक्कर येते, म्हणून सुरुवात पाच मिनिटांची, तीही उन्हाळ्यात भर दुपारी नाही. चक्कर किंवा मिरगीचा त्रास असणाऱ्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय लावायचं नाही. आधाराला प्लास्टिकची खुर्ची ठेवू नका, शेणानं सारवलेल्या जमिनीवर ती सरकते, भिंतीला लागून उभं राहा, आणि मागे धरायला नातू नको, दणकट माणूस पाहिजे.