डायपर, एकवापरी : नागपूर परिसरातील वापर

तान्ह्या मुलाची शी-शू शोषून घेण्यासाठी कमरेभोवती बसवायचे आणि एकदा वापरून टाकून द्यायचे अनेक थरांचे आवरण. नागपुरात बोलताना कंपन्यांच्या नावांवरून त्याला सर्रास ‘हगीज’ किंवा ‘पॅम्पर्स’ म्हणतात. दुकानात ‘पँट’ मागितली की चड्डीसारखा आणि ‘टेपवाला’ म्हटले की चिकटपट्ट्यांचा प्रकार मिळतो. जुन्या लुगड्याच्या किंवा धोतराच्या मऊ कापडाची बाळोती, लंगोट आणि दुपटी मात्र मागे पडलेली नाहीत. दिवसा घरात बाळोते आणि रात्री, प्रवासात किंवा दवाखान्यात डायपर अशी वाटणी बऱ्याच घरांत आढळते. पावसाळ्यात बाळोती वाळत नाहीत, त्यामुळे ती शेगडीवर डालगे (बांबूची मोठी टोपली) पालथे घालून त्यावर शेकावी लागत. डायपरने सर्वांत मोठी सुटका केली ती या कामातून.

मूळ इंग्रजी शब्द प्रथम या वस्तूसाठी नव्हे, तर कापडासाठी वापरला जाई. शंकरपाळ्यासारखी नक्षी विणलेल्या पांढऱ्या कापडाला ‘डायपर’ म्हणत. बेल्जियममधील विणकामाबद्दल प्रसिद्ध असलेल्या ईप्र शहरावरून तो आल्याचे पूर्वी सांगत. ध्वनिसाम्यापलीकडे या मताला आधार नाही. काहींनी तो ‘जास्पर’ या रत्नाच्या नावाशी जोडला. मध्ययुगीन ग्रीकमधील, ‘शुभ्र’ अशा अर्थाच्या ‘दिआस्प्रोस’ या शब्दापासून लॅटिन व जुन्या फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला, हे मत आज अधिक ग्राह्य मानले जाते. ब्रिटनमध्ये बाळाच्या वस्त्रासाठी ‘नॅपी’ रूढ झाले, अमेरिकेत ‘डायपर’ टिकले. मराठीने अमेरिकन शब्द उचलला.

एकवापरी डायपरच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. स्वीडनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास कापसाच्या टंचाईमुळे रबरी चड्डीत लाकडाच्या लगद्याची गादी घालण्याची पद्धत निघाली. तिचा काळ १९३० नंतरच्या दशकाची अखेर ते १९४० नंतरची पहिली काही वर्षे असा सांगतात. ब्रिटनमधील व्हॅलरी हंटर गॉर्डन यांनी पॅराशूटच्या नायलॉनची चड्डी व आत टाकाऊ गादी अशी ‘पॅडी’ तयार केली. तिचे पेटंट १९४८ च्या सुमाराचे आहे. अमेरिकेच्या मॅरियन डोनोवन यांचे नाव सर्वाधिक घेतले जाते. परंतु न्हाणीघराच्या पडद्यापासून केलेले त्यांचे ‘बोटर’ हे धुऊन पुन्हा वापरायचे जलरोधक आवरण होते. त्यामुळे त्यांना एकवापरी डायपरच्या जनक म्हणणे काटेकोर ठरत नाही. टाकून देण्याजोग्या शोषक गादीचाच विचार केला, तर स्वीडनचा दावा अधिक सबळ दिसतो. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीचे रसायन अभियंता व्हिक्टर मिल्स यांच्या गटाने विकसित केलेल्या ‘पॅम्पर्स’ची चाचणीविक्री १९६१ मध्ये अमेरिकेतील पिओरिया शहरात झाली आणि तेथून हा माल घराघरांत गेला. भारतीय बाजारात तो मुख्यतः १९९० नंतर रुळला.

आजच्या डायपरमध्ये त्वचेला लागणारा थर पॉलिप्रॉपिलीनच्या न विणलेल्या कापडाचा असतो, बाहेरचा पॉलिथिलीनचा. मधल्या गाभ्यात लाकडाचा लगदा व सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे कण मिसळलेले असतात. हे कण त्यात आले ते १९८० नंतरच्या दशकात, प्रथम जपानमध्ये. शुद्ध पाणी ते स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट घेतात, पण लघवीतील क्षारांमुळे ही क्षमता घटून साधारण तीसपटीच्या आसपास येते. डायपर फाडून पाणी ओतले, तर भिजलेल्या साबुदाण्यासारखा लगदा हाताला लागतो. त्यावर मीठ भुरभुरले की पाणी सुटू लागते. असे कण कधी बाळाच्या अंगाला चिकटलेले दिसतात आणि घरचे घाबरतात. ते विषारी नाहीत, ओल्या फडक्याने पुसून काढावेत. मुलाने डायपर फाडून कण तोंडात घातले, तर मात्र घशात अडकण्याचा धोका असतो. एकवापरी डायपरसाठी भारतीय मानक आयएस १७५०९ : २०२१ आहे.

पालकांची सर्वांत मोठी शंका पुरळाची असते. त्याच्या कारणाविषयीचे मत शंभर वर्षांत बदलले, आणि व्यवहारही त्यावरच ठरतो. संशोधक कुक यांनी १९२१ मध्ये शौचातील जंतू लघवीपासून अमोनिया तयार करतात व तोच त्वचा पोळतो, असे मांडले. लेडन, क्लिगमन व सहकाऱ्यांना १९७० नंतरच्या दशकात पुरळ असलेल्या व नसलेल्या बाळांत अमोनियाचा विशेष फरक आढळला नाही. बकिंगहॅम व बर्ग यांनी १९८६ मध्ये दोष शौचातील प्रथिने व मेद फोडणाऱ्या विकरांकडे (एन्झाइमांकडे) वळवला. लघवीतून तयार होणाऱ्या अमोनियामुळे त्वचा अल्कधर्मी झाली की ही विकरे अधिक जोमाने काम करतात. म्हणजे अमोनिया पूर्ण सुटला नाही, त्याची भूमिका साहाय्यकाची ठरली. हेच मत आज धरून चालणे योग्य होय. त्यातून निघणारा नियम असा, की शी झाली की डायपर तत्काळ बदलावा. केवळ शू झाली असेल, तर दिवसा दोन-तीन तासांनी बदलणे पुरते आणि त्यासाठी रात्री झोपलेले मूल उठवण्याची गरज नाही. डायपर वरून कोरडा लागतो, यावर मात्र विसंबू नये. साध्या पाण्याने धुऊन, टिपून, थोडा वेळ उघडे ठेवावे आणि झिंक ऑक्साइडचे मलम लावावे. पावडर श्वासावाटे फुप्फुसात जाते, म्हणून टाळावी. जांघेच्या घड्यांत लालभडक चट्टा व भोवती सुट्या पुटकुळ्या असतील आणि तीन दिवसांत उतार पडला नाही, तर बहुधा बुरशी असते. अशा वेळी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम घातक ठरते. झाकलेल्या त्वचेतून ते अधिक शोषले जाते.

नागपूरच्या उन्हाळ्याने या प्रश्नांना वेगळे वळण दिले आहे. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. अशा दिवसांत दुपारी बाळाला नुसत्या सुती लंगोटात किंवा उघडे ठेवण्याचा आजीचा आग्रह शास्त्राला धरूनच आहे. जूनमध्ये पाऊस लांबला आणि कूलर सुरूच राहिला, की खोलीतली हवा दमट होते, घाम सुकत नाही आणि कमरेच्या इलॅस्टिकखाली घामोळे उठते. जन्माच्या पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा शू होणे हे दूध पुरत असल्याचे लक्षण आहे. डायपरमध्ये हा हिशेब लपतो, म्हणून काढलेला डायपर हातात तोलून पाहावा. तो सहा-आठ तास कोरडाच राहिला, तर डॉक्टरांना दाखवावे. सहा महिन्यांपर्यंत निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळाला उन्हाळ्यातही वरचे पाणी लागत नाही.

डायपरने पाय फेंगडे होत नाहीत. दोन वर्षांपर्यंत पायांचा बाक बहुधा स्वाभाविक असतो. न्यूयॉर्कमधील २०१२ च्या एका अभ्यासात उघड्या मुलांची चाल सर्वांत चांगली आढळली आणि कापडी लंगोटात ती टाकाऊ डायपरपेक्षा अधिक बिघडली. पायांवर बसवून ‘शू-शू’ करत सवय लावण्याची आपली रीत डायपरबरोबरही चालू ठेवता येते.

विल्हेवाटीबाबत घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे वापरलेला डायपर घट्ट गुंडाळून सुक्या कचऱ्याबरोबर द्यायचा असे. डायपर कचऱ्यात देण्याआधी शी संडासात झटकावी. डायपर मात्र संडासात टाकू नये, फुगून नळी तुंबते. कागदात न गुंडाळता दिलेला डायपर कुत्री फाडतात, आणि उरलेला भांडेवाडीच्या कचरा डेपोत पोचून कचरा निवडणाऱ्या बाईच्या हातात येतो. तिच्या हातांसाठी एवढी घडी घालणे हे प्रत्येक घराचे काम आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या नागपूरच्या ‘नीरी’ (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) या संस्थेने सॅनिटरी पॅड उच्च तापमानाला जाळणाऱ्या भट्टीच्या विकासात भाग घेतला. पण डायपर पॅडपेक्षा कितीतरी जड व ओला असल्याने तो अशा भट्टीत जाळताना त्यातील पाणी उडवण्यातच बरीच उष्णता खर्ची पडते.